पाऊस मागणारा माणूस

एप्रिल लागला की आपल्याकडचा आंबा बागायतदार आभाळाकडे बघून हात जोडतो, अवकाळी नको रे बाबा. उत्तर फ्रान्समध्ये, लील शहरात, माझा शेजारी त्याच महिन्यात नेमकं उलटं मागतो. त्याला पाऊस हवा असतो. तोही रविवारी, आणि रुबेच्या रस्त्यावरच.

शेजारी फोटोग्राफर आहे, पॅरिस-रुबे सायकल शर्यतीचा. ही शर्यत 1896 पासूनची. नावात पॅरिस असलं तरी 1977 पासून ती सुटते काँपियेन्यहून. अडीचशेहून जास्त किलोमीटर, त्यातले पन्नासेक दगडी ठोकळ्यांच्या शेतरस्त्यांवरून. या ठोकळ्यांच्या रस्त्याला तिथे 'पावे' म्हणतात. मध्ये कासवाच्या पाठीसारखा फुगवटा, कडा खचलेल्या. कोरडा असला तर धुरळा, भिजला तर साबण. प्रत्येक दगडी टप्प्याला त्याच्या अवघडपणाप्रमाणे एक ते पाच तारे देतात. शेजाऱ्याच्या डोक्यात हे तारे इतके भिनलेत की तो जगालाच तारे वाटत सुटतो. सासूबाईंचं जेवण तीन तारे. दाढ काढणं, पाच.

मोटारसायकलवरून शर्यतीसोबत जाणारे फोटोग्राफर मोजके. ते उच्चवर्णीय. आमचा मनुष्य मोटारीतून आडवाटेने पुढे पळणाऱ्या जमातीतला, आणि मोटार माझी. वर्षभर ज्याला स्वतःचा चष्मा सापडत नाही, त्याला त्या दिवशी बीटाच्या शेतातली प्रत्येक पायवाट पाठ असते. "डावीकडे! तबेल्यामागून! आता शेणाचा उकिरडा लागेल, तिथून उजवीकडे!" उकिरडा लागतो. उतरायचं, धावायचं, गवतात पालथं पडायचं. सायकली येतात, दात वाजल्यासारखा खडखडाट होतो, आठ-दहा सेकंदांत पहिला घोळका नाहीसा. परत मोटार. दिवसभरात सहा ठिकाणी असं पालथं पडून त्याने आघाडीवाल्यांची शर्यत पाहिलेली असते जेमतेम मिनिटभर. "पुढे कोण आहे?" असं एकदा मी विचारलं. त्याने माझ्याकडे अशा नजरेने पाहिलं, जणू लग्नात जेवणाच्या पंगतीत मी नवरीचं गोत्र विचारलं असावं.

आरांबर्गच्या जंगलातला सव्वादोन किलोमीटरचा सरळसोट टप्पा म्हणजे त्याचं पंढरपूर. 1968 साली तो शर्यतीत घ्यायला सुचवला झां स्ताब्लिंस्कीने. हा माणूस तरुणपणी तिथल्याच कोळसाखाणीत खपला होता, पुढे सायकलपटू झाला. म्हणजे ज्या रस्त्यावरून सायकल मारली, त्याच्या खालीही राबून झालेलं. शेजारी ही गोष्ट दरवर्षी त्याच झाडाखाली सांगतो आणि दरवर्षी डोळे पुसतो. 2024 साली दगडांमधलं गवत खायला तिथे बकऱ्या सोडल्या, तेव्हा मात्र त्याचा तोल गेला. "गवत काढलं तर घसरणार कोण?" सायकलपटूंबद्दल त्याच्या मनात आकस नाही, देवाशपथ. त्याला फक्त ते चिखलात माखलेले आवडतात.

आणि चिखल मिळेना. 2002 साली शर्यत भिजली होती, तेव्हा हा दुसऱ्याच्या लग्नाचे फोटो काढत होता. त्यानंतर एकोणीस वर्षं कोरडी ठणठणीत. शेवटी महामारीमुळे 2021 ची शर्यत एप्रिलऐवजी ऑक्टोबरात गेली आणि धो धो पाऊस झाला. सॉनी कोलब्रेल्ली जिंकला. मातीच्या मूर्तीत प्राण फुंकावा तसे ते सगळे दिसत होते. आमचा मनुष्य पहिल्याच टप्प्यावर अगदी कडेला झोपला, घोळका आला आणि चिखलाचा एक फराटा थेट भिंगावर बसला. पुसायला खिशात हात घातला तर रुमालही भिजलेला. त्या दिवसाचे त्याचे पाचशे फोटो माझ्याकडे आहेत. सगळे तपकिरी. एकात कुणाचं तरी चाक असावं.

त्यानंतर पुन्हा एक कोरडं वर्ष. रुबेच्या वेलोड्रोममध्ये शर्यत संपली. कुणी गवतावर आडवं, कुणी त्या जुन्या सिमेंटच्या न्हाणीघरांकडे निघालेलं. एक पोरगा कुंपणाला टेकून बसला होता. तोंडावर धुळीचा थर, त्यात घामाचे ओघळ, मधोमध दोन पांढरे डोळे. शेजारी गुडघ्यांवर सरकत जवळ गेला. तेवढ्यात पोराने टॉवेल उचलला.

"नको! पुसू नकोस!" हा किंचाळला.

पोराने वर पाहिलं. समोर एक पन्नाशीचा गृहस्थ, भुवयांपासून हनुवटीपर्यंत धुळीने माखलेला, डोळ्यांत पाणी. पोराला दया आली असावी. त्याने न वापरता टॉवेल याच्याच हातात दिला आणि लंगडत आंघोळीला निघून गेला.

टॉवेल दिवाणखान्यात काचेच्या चौकटीत लावलाय. फोटो घ्यायचा राहिला.