सक्ती कुठेय? फक्त तार काढताहेत

एओएल या अमेरिकी कंपनीने ३० सप्टेंबर २०२५ला टेलिफोनच्या तारेवरून चालणारी डायल-अप इंटरनेट सेवा बंद केली, तेव्हा शहरी अमेरिकेला पहिला प्रश्न पडला तो असा: म्हणजे ती अजून चालू होती? होती तर. जनगणना खात्याच्या २०२३च्या अंदाजानुसार सुमारे १ लाख ६३ हजार अमेरिकी घरांत डायल-अपशिवाय दुसरं इंटरनेट नव्हतं.

आता या मंडळींना ब्रॉडबँड घ्यायला भाग पाडणार का? छे, छे! लोकशाही आहे. तिथे फक्त जुना माल दुकानातून उचलतात आणि तुम्हाला निवडीचं पूर्ण स्वातंत्र्य देतात. तसं हाकलणं आधीच सुरू झालं होतं. डायल-अपची धाव सेकंदाला फार तर ५६ किलोबिट. जाहिरातींनी फुगलेलं दोन मेगाबाइटचं एक पान उघडायला जवळजवळ पाच मिनिटं. तरीही लोक थांबत होते, कारण गावात दुसरं काही पोचलंच नव्हतं किंवा परवडत नव्हतं. (ब्रॉडबँड घेऊनही एओएलची जुनी वर्गणी भरत राहिलेले विसरभोळे वेगळे. त्यांना मात्र कुणी ‘बदला’ म्हणून घाई केली नाही.)

सरकारचं लक्ष नव्हतं असं नाही. मार्च २०२४मध्ये तिथल्या फेडरल कम्युनिकेशन्स कमिशनने ठरवलं की यापुढे २५ मेगाबिटला ब्रॉडबँड म्हणायचं नाही, किमान १०० हवेत. वा! आणि १ जूनला काय झालं? गरीब घरांना इंटरनेटच्या बिलात महिना ३० डॉलरची सूट देणारी योजना पैशांअभावी बंद पडली. तिच्यात २ कोटी ३० लाखांवर घरं होती. पंगतीत एक पक्वान्न वाढवलं आणि गरिबाचा पाट उचलला.

खेड्यापाड्यांत तारा न्यायला २०२१च्या कायद्याने ४२.४५ अब्ज डॉलर बाजूला काढले होते. २०२४ सरलं, तरी त्यातून एका घराचीही जोडणी झाली नव्हती. कुठल्या घरात नेट नाही, याचे नकाशे तपासणं चालू होतं. नकाशात घर सापडेपर्यंत घरमालकाने मॉडेमची खरखर ऐकत बसावं, एवढीच अपेक्षा.

पण मॉडेमला टेलिफोनची तार लागते आणि तीही निघालीय. टेलिफोन कंपनी एटी अँड टी २०२९ अखेर आपलं बहुतेक तांब्याचं जाळं गुंडाळणार आहे. कॅलिफोर्निया तेवढा सुटला, कारण तिथला नियम आडवा आला: आपल्या हद्दीत जो कुणी फोन मागेल, त्याला या कंपनीने द्यायचाच. या बंधनातून मोकळं करा, असा अर्ज कंपनीने केला आणि जून २०२४मध्ये राज्याच्या आयोगाने तो फेटाळला. म्हणजे या अख्ख्या प्रकरणात ‘आमच्यावर सक्ती नको हो’ म्हणत दाद मागायला गेलं कोण, तर एटी अँड टी.