शिकाऊ उमेदवाराने वर्ष कसे काढावे

शिकाऊ उमेदवार रोज कारखान्यात येतो, कार्ड पंच करतो, पण तो कामगार नसतो. १९६१च्या शिकाऊ उमेदवार कायद्याच्या कलम १८ ने हे एकदाचे स्पष्ट केले आहे: तो प्रशिक्षणार्थी आहे. मूळ कायदा ट्रेड शिकणाऱ्या उमेदवारांसाठी होता. १९७३च्या दुरुस्तीने त्यात इंजिनिअरिंगचे पदवीधर आणि पदविकाधारक आले, २०१४च्या दुरुस्तीने बिगर-इंजिनिअरिंग पदवीधरही. पदवीधराची मुदत एक वर्षाची असते. २०१९पासून तीस किंवा अधिक माणसे असलेल्या आस्थापनेला मनुष्यबळाच्या अडीच ते पंधरा टक्के उमेदवार घ्यावेच लागतात. त्यामुळे पहिल्या दिवशी उमेदवाराने ‘माझी निवड कशी झाली असेल’ या विचारात वेळ घालवू नये. टक्केवारी भरायची होती.

पुढील विवेचन चाकण एमआयडीसीतील वाहनांचे सुटे भाग बनवणारी कंपनी डोळ्यांसमोर ठेवून केले आहे. रांजणगाव, वाळूज किंवा सातपूरच्या उमेदवाराने फक्त बसचा मार्ग बदलून घ्यावा.

पगाराला येथे विद्यावेतन म्हणतात. २०१९च्या नियमदुरुस्तीने ते पदवीधराला महिना किमान ९,००० आणि पदविकाधारकाला ८,००० रुपये ठरले. या किमान रकमेचा निम्मा भार केंद्र सरकार उचलते. मोशी-भोसरीकडची कॉट बेसिसवरची खोली, महिन्याची मेस आणि मोबाइलचा रिचार्ज वजा जाता जे उरते, त्याला बचत म्हणण्याचा प्रघात नाही. घरी फोनवर आकडा सांगताना ‘शिवाय कॅन्टीन आहे’ हे वाक्य लगेच जोडावे.

कंपनीच्या बसमध्ये रिकामी दिसणारी सीट रिकामी नसते. पुढून तिसऱ्या रांगेतली खिडकी क्वालिटीच्या एका सिनियर साहेबांची असते आणि ती प्लांट सुरू झाल्यापासून त्यांची आहे. उमेदवाराने मागच्या चाकावरची सीट धरावी. गुडघे छातीशी येतात, पण तिथून कोणी उठवत नाही. बस चाकणच्या तळेगाव चौकात अडकली तर घड्याळ बघू नये. बसने येणाऱ्यांना लेट मार्क लागत नाही, म्हणून बसमध्ये ती कोंडी कोणालाच फारशी खुपत नाही.

इंडक्शन आटोपशीर असते: सुरक्षेचा व्हिडिओ, सतरा सह्या आणि सेफ्टी शूज. आठ नंबर संपलेले असतात. नऊ घ्यावेत आणि दोन मोजे घालावेत.

यानंतर बसण्याच्या जागेचा प्रश्न येतो. उमेदवाराला स्वतःचे टेबल नसते. जो रजेवर असेल त्याच्या खुर्चीवर त्याने बसायचे असते. तेव्हा विभागात कोणाच्या घरी लग्न आहे, कोणाचा मुलगा आजारी आहे, याची माहिती त्याने पहिल्याच आठवड्यात मिळवावी. लॉगिन आयडी यायला वेळ लागतो. तोवर प्रोसेस मॅन्युअल उघडून बसावे आणि अधूनमधून पान उलटावे. एकच पान तासभर उघडे राहिले तर साहेबांच्या लक्षात येते. सगळी पाने तासाभरात उलटली तर ‘झालं का वाचून?’ असे विचारून झेरॉक्स काढायला पाठवले जाते.

संबोधनात चूक परवडत नाही. मॅनेजर हे सर, एचआर या मॅडम, लाइनवरचा ऑपरेटर हा दादा, स्टोअरवाले काका, कॅन्टीनमध्ये वाढणाऱ्या त्या मावशी. दादांनी ‘काय इंजिनिअर साहेब!’ अशी हाक मारली तर तो मान समजू नये. उमेदवार मशीनच्या पिवळ्या पट्ट्याच्या आत उभा आहे, एवढाच तिचा अर्थ.

कामाविषयी. कायद्यानुसार उमेदवाराने आपला व्यवसाय मन लावून शिकायचा असतो. प्रत्यक्षात हा व्यवसाय बहुतांश एक्सेल असतो. सॅपमधून आदल्या दिवशीच्या रिजेक्शनचा डेटा काढायचा, व्हीलूकअप लावायचा, चौकटी लाल-पिवळ्या-हिरव्या करायच्या आणि सकाळच्या मीटिंगआधी फाइल पाठवायची. चार वर्षांत शिकलेल्या थर्मोडायनॅमिक्सचा इथे काही अडथळा होत नाही. मात्र एक पथ्य पाळावे. लाल चौकट ज्या सरांच्या लाइनची असेल, त्यांना आदल्या संध्याकाळीच कळवावे. बहुधा सकाळपर्यंत ती पिवळी होते. कशी होते, हे मॅन्युअलमध्ये नाही.

कायझेनचे प्रकरण जरा सविस्तर घ्यावे लागेल. सतत थोडी थोडी सुधारणा करण्याची ही जपानी रीत मासाआकी इमाई यांच्या १९८६च्या पुस्तकामुळे जगभर पोहोचली आणि चाकणला येईपर्यंत तिचा फॉर्म झाला. फॉर्मवर शेजारी शेजारी दोन चौकटी असतात: डावीकडे ‘आधी’चा फोटो, उजवीकडे ‘नंतर’चा. महिन्याला माणशी एक कायझेन हे टार्गेट. सगळ्यांची कायझेन उमेदवार लिहितो. सुधारण्यासारखे काही उरले नसेल तर आधी ‘नंतर’चा फोटो काढावा, मग स्पॅनर, चिंध्या आणि ऑइलचा डबा टेबलावर पसरून ‘आधी’चा काढावा. फोटोवर तारीख येणार नाही, एवढे बघावे.

याच काळात उमेदवाराला ताइइची ओनो यांनी टोयोटात मांडलेले सात अपव्यय पाठ करायला सांगतात: अनावश्यक वाहतूक, साठा, हालचाल, प्रतीक्षा, गरजेपेक्षा जास्त उत्पादन, गरजेपेक्षा जास्त प्रक्रिया आणि दोष. प्रतीक्षा हा अपव्यय आहे हे तो सरांच्या केबिनबाहेर उभा राहून वाचतो. पुढे इतरांनी यात आठवा अपव्यय जोडला: माणसाची न वापरलेली बुद्धी. ऑडिट जवळ आले की आठही अपव्ययांचा तक्ता नव्याने छापून लॅमिनेट करायचा असतो आणि हे काम कोणाकडे जाते, हे वेगळे सांगायला नको. लॅमिनेशनमध्ये हवेचे फुगे राहू नयेत म्हणून पाऊच बंद कडेकडून सरळ मशीनमध्ये सोडावा.

ऑडिटच्या आठवड्यात रात्री आठपर्यंत थांबावे लागते. कलम १५ प्रमाणे शिकाऊ उमेदवार सल्लागाराच्या मंजुरीशिवाय उमेदवाराला ओव्हरटाइम करायला लावता येत नाही, त्याला तो करूही देता येत नाही. कायदा मोडू नये म्हणून या थांबण्याला ओव्हरटाइम म्हणत नाहीत. ‘मुलाला शिकायची आवड आहे’ असे म्हणतात.

प्रत्यक्ष शिक्षण कधी होईल ते सांगता येत नाही, त्यामुळे त्याची तयारीही करता येत नाही. साधारणपणे ते दुसऱ्या शिफ्टमध्ये, साहेब घरी गेल्यावर होते. उमेदवार प्लग गेज हातात घेऊन बोअर, म्हणजे भागातले भोक, तपासत असतो. गेजची ‘गो’ बाजू आत जायला हवी, ती जात नाही म्हणून जोर लावतो. तेवढ्यात दादा त्याच्या हातातून गेज काढून घेतात. बोअर फडक्याने पुसतात, कडेवरून नख फिरवून तिथे राहिलेला धातूचा बारीक कंगोरा, म्हणजे बर, दाखवतात, फाइलने तो हलकेच काढतात, मग गेज अलगद तोंडाशी धरून सोडतात. ते आपल्या वजनाने खाली उतरते. ‘ढकलायचं नसतं ते. ढकललं की सगळंच पास होतं,’ एवढे बोलून दादा चहाला जातात. नखाने बर ओळखायला पुढे दोन-तीन महिने लागतात. हे कॉलेजच्या मेट्रॉलॉजीच्या जर्नलमध्ये आकृतीसह होते आणि उमेदवाराने ते मित्राच्या जर्नलवरून उतरवलेही होते.

तिमाही प्रगती अहवालात मात्र याची नोंद करता येत नाही. कलम १९ प्रमाणे उमेदवाराच्या प्रगतीची नोंद मालकाने ठेवायची असते. मालकाच्या वतीने सर आणि सरांच्या वतीने उमेदवारच ती लिहितो. फॉर्मवर ‘आत्मसात केलेली कौशल्ये’ असा रकाना असतो. त्यात ‘संघभावना’ आणि ‘संवादकौशल्य’ लिहावे. नख, फाइल आणि दादा यांचा उल्लेख केल्यास अहवाल परत येतो. पहिल्या तिमाहीचा मजकूर उरलेल्या तिन्ही तिमाहींना चालतो. तारीख बदलण्यास विसरू नये. लोकांच्या नजरेतून बाकी काहीही सुटले तरी तारीख सुटत नाही.

अकराव्या महिन्यात ‘पुढे काय?’ हा प्रश्न एचआर मॅडमना विचारायचा असतो. तो जेवणानंतर विचारावा. कलम २२ प्रमाणे नोकरी देण्याविषयीचे धोरण प्रत्येक मालकाने स्वतः ठरवायचे असते आणि ते ठरलेले असते. मॅडम मनापासून म्हणतात, ‘पोझिशन ओपन झाली की कळवते ना.’ याच सुमारास नव्या तुकडीची जाहिरात निघते आणि तिचा मसुदा नीट करून द्यायला उमेदवाराकडेच येतो. व्याकरण तपासावे, अटींना हात लावू नये. नव्या मुलांना एक्सेल दाखवण्याचे कामही त्याच्याकडेच असते. त्यांना व्हीलूकअप शिकवावा आणि वेळ उरल्यास दुसऱ्या शिफ्टला दादांकडे सोडून यावे.

प्रशिक्षण समाधानकारक झाल्याचे प्रमाणपत्र कंपनी नव्हे, शिकाऊ उमेदवारी प्रशिक्षणाचे प्रादेशिक मंडळ देते. महाराष्ट्रासाठी त्याचे कार्यालय मुंबईत आहे. कंपनीकडून मिळतो तो अनुभवाचा दाखला, आणि त्याआधी नो-ड्यूज फॉर्म भरावा लागतो. त्यावर स्टोअर, आयटी, कॅन्टीन, सुरक्षा, अकाउंट्स आणि लायब्ररी अशा सह्या लागतात. काका बूट परत मागत नाहीत, पण हेल्मेट मागतात. कंपनीत लायब्ररी नसली तरी लायब्ररीची सही लागतेच. ती ॲडमिनचे साहेब करतात आणि ते शनिवारी नसतात, तेव्हा फॉर्म शुक्रवारी दुपारच्या आत पुढे करावा.