साम्राज्याचा सातबारा

गोंदिया जिल्ह्याची अग्रणी बँक म्हणजे बँक ऑफ इंडिया. इटियाडोह धरणाच्या भरवशावर धान पिकवणारा अर्जुनी मोरगाव तालुक्यातला शेतकरी खरिपाच्या तोंडावर कुठल्याही बँकेची पायरी चढतो, तेव्हा त्याच्या पिशवीत सातबारा असतो, आठ-अ असतो, आधारच्या झेरॉक्स असतात आणि ‘आमचं काही येणं नाही’ असं सांगणारे सोसायटीचे नि शेजारच्या बँकांचे दाखले असतात. फेरफारात आजोबांच्या नावाची वेलांटी चुकलेली असली तर साहेब चष्मा वर करून बघतात आणि तलाठ्याकडं परत धाडतात. पैसा जनतेचा आहे, तेव्हा सावधगिरी हवीच.

हीच बँक ऑफ इंडिया एप्रिल २०२२ मध्ये मुंबईच्या राष्ट्रीय कंपनी कायदा न्यायाधिकरणाच्या दारात उभी राहिली. फ्यूचर रिटेल या कंपनीनं बँकांच्या गटाचे सुमारे साडेतीन हजार कोटी रुपये ठरल्या तारखेला भरले नव्हते. त्याआधी बँकेनं वर्तमानपत्रातून जाहीर नोटीसही दिली होती, की या कंपनीच्या मालमत्तेवर आमचा बोजा आहे, कुणी हात लावू नये. नोटीस छापून आली तोवर शेकडो दुकानं दुसऱ्याच्या ताब्यात गेली होती. चोरी झाली नव्हती. घरमालकांनी भाडेकरू बदलला होता.

फ्यूचर समूहाचे किशोर बियाणी हे काही ऐऱ्यागैऱ्या नव्हेत. कापडाच्या धंद्यातला हा मुंबईकर. १९८७ मध्ये त्यांनी मॅन्झ वेअर ही कंपनी काढली, तयार पँटी विकल्या आणि १९९७ मध्ये कोलकात्यात पँटलून्सचं पहिलं मोठं दुकान थाटलं. २००१ मध्ये बिग बझार आलं. कोलकाता, हैदराबाद आणि बंगळूर इथली तीन दुकानं अवघ्या २२ दिवसांत उघडली.

या माणसाला गिऱ्हाईक कळलं होतं, हे त्याचे वैरीही मान्य करतील. अर्जुनीच्या आठवडी बाजारात तांदूळ घेणारी बाई आधी पोत्यात हात घालते, मूठभर दाणे तळहातावर पसरते, फुंकर मारते, एक दाणा दाताखाली धरते आणि मगच भाव विचारते. चकचकीत पाकिटाला ती दहा हात लांबून नमस्कार करते. बियाणींनी धान्य उघड्या पिंपांत ठेवलं. दोन रांगांमधली वाट मुद्दाम अरुंद ठेवली, कारण धक्का लागल्याशिवाय आपल्या माणसाला बाजारात गेल्यासारखं वाटत नाही. २६ जानेवारी २००६ ला ‘सबसे सस्ता दिन’ काढला, तेव्हा गर्दी इतकी उसळली की काही ठिकाणी दारं लावून घ्यावी लागली आणि पोलिसांना धावावं लागलं. प्रजासत्ताकात प्रजा नेमकी कुठं आहे, ते त्या दिवशी सरकारलाही कळलं.

मग जुन्याच्या बदल्यात नवं देणारी योजना आली. घरातली रद्दी, फाटके कपडे, चेपलेली भांडी घेऊन या. तिथं वजन होई आणि भंगारवाला स्वप्नातही देणार नाही अशा भावाचं कूपन हातात पडे. कूपन वटवायचं तर त्याच्या कितीतरी पट खरेदी करावी लागे, हे बारीक अक्षरात. आवळा देऊन कोहळा काढणं म्हणतात ते हे. गिऱ्हाईक हसत घरी जाई आणि दुकानदारही हसे.

इथंवर सगळं ठीक होतं. पण दुकान चालतं म्हटल्यावर शेठजींना दुकानापेक्षा कंपन्यांचा छंद जडला. किराण्याचं फूड बझार, मॉलएवढं सेंट्रल, फर्निचरचं होम टाउन, टीव्ही-फ्रिजचं ईझोन, उरल्यासुरल्या ब्रँडांची ब्रँड फॅक्टरी. इटलीच्या जनरालीबरोबर विमा. कर्ज वाटायला फ्यूचर कॅपिटल. खेड्यात शिरायला गोदरेजकडून घेतलेलं ‘आधार’. मधल्या काळात ‘ना तुम जानो ना हम’ आणि ‘चुरा लिया है तुमने’ हे दोन चित्रपटही काढून झाले. प्रेक्षकांनी पहिल्याचं नाव फारच मनावर घेतलं आणि ते चित्रपटगृहाच्या वाटेला गेले नाहीत.

२०१२ मध्ये पहिला हिसका बसला. कर्ज डोईजड झालं, तेव्हा थोरलं लेकरू पँटलून्स आदित्य बिर्ला समूहाला देऊन १,६०० कोटींचा भार उतरवला. फ्यूचर कॅपिटलही विकली. हलकं वाटल्यावर पुन्हा खरेदी सुरू. नीलगिरीज घेतलं, भारतीचं ईझीडे पदरात पाडलं, हेरिटेजची दुकानं घेतली, २०१७ मध्ये ६५५ कोटींना हायपरसिटी घेण्याचा सौदा केला. गिऱ्हाइकांना ‘एकावर एक फ्री’ची सवय लावता लावता मालकालाच ती लागली.

खरी मौज रचनेत होती. पुनर्रचनेच्या कागदी कसरतीत दुकान चालवायचं काम फ्यूचर रिटेलकडं आलं आणि दुकानातली मांडणी, फडताळं, यंत्रसामग्री फ्यूचर एंटरप्रायझेसकडं राहिली. एका घरच्या कंपनीनं दुसऱ्या घरच्या कंपनीची फडताळं भाड्यानं घेतली. छप्पर घरमालकाचं, फडताळ भावकीचं, माल पुरवठादाराचा उधारीवर, पैसा बँकेचा आणि प्रवर्तकांचे शेअर गहाण. बियाणींचं स्वतःचं असं काय होतं, तर गिऱ्हाइकाची पारख. ती गहाण ठेवता येत नाही, म्हणूनच बहुधा शिल्लक राहिली.

त्याच मुंबईत २००२ मध्ये पवईला राधाकिशन दमाणींनी डीमार्टचं पहिलं दुकान काढलं. रोषणाई नाही, चित्रपट नाही. जागा शक्यतो विकत घ्यायची आणि पुरवठादाराचे पैसे चटकन द्यायचे, एवढंच. लोकांना हे फार कंटाळवाणं वाटे.

एवढं लांब जायलाही नको. इटियाडोहजवळ गोठणगावला लागून तिबेटी निर्वासितांची नॉर्ग्येलिंग वसाहत १९७२ पासून आहे. शेती आटोपली की थंडीत इथली कुटुंबं शहरोशहरी जाऊन स्वेटर विकतात. देशभरच्या तिबेटी विक्रेत्यांचा लुधियानाच्या घाऊक व्यापाऱ्यांशी जुना व्यवहार आहे : हंगामाआधी माल उधार न्यायचा, थंडी संपली की हिशेब चुकता करायचा. बाजू मांडायला नामवंत वकील नाहीत आणि लवाद सिंगापूरला बसत नाही. दुसऱ्या वर्षी पुन्हा स्वेटर हवे असतात, एवढाच काय तो करार. या पद्धतीत समूहाचा अध्यक्ष होता येत नाही, हा तिचा मोठा दोष.

ऑगस्ट २०१९ मध्ये अमेझॉननं फ्यूचर कूपन्स या घरच्या कंपनीत ४९ टक्के हिस्सा घेतला. किंमत १,४०० कोटींच्या वर. या कंपनीकडं फ्यूचर रिटेलचे शेअर होते आणि करारात एक यादी होती : अमुक-तमुकांना दुकानं विकायची नाहीत. यादीत रिलायन्सचं नाव होतं. सहा-सात महिन्यांत टाळेबंदी लागली, दुकानं ओस पडली, गहाण शेअर सावकारांनी ओढून घेतले. २९ ऑगस्ट २०२० ला सौदा जाहीर झाला. २४,७१३ कोटींना जवळजवळ सगळा पसारा कुणाला, तर रिलायन्सला.

अमेझॉन कूपन घेऊन सिंगापूरच्या लवादाकडं धावलं. ऑक्टोबरात तातडीची मनाई मिळाली. पुढं दिल्लीचं उच्च न्यायालय झालं, ऑगस्ट २०२१ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं ती मनाई ग्राह्य धरली. डिसेंबरात स्पर्धा आयोगानं मूळ खरेदीची मंजुरीच स्थगित करून अमेझॉनला २०२ कोटींचा दंड ठोकला. कूपनावर अटी लागू असतात, हे जगातल्या एका बड्या दुकानदाराला बिग बझारनं शिकवलं.

वकील असे कलमं काढत असताना रिलायन्सनं एक अगदी घरगुती काम केलं. फ्यूचरचं भाडं थकलं होतं. रिलायन्सनं अनेक घरमालकांशी आपल्या नावानं करार केले आणि दुकानं पोटभाड्यानं फ्यूचरलाच वापरायला दिली. तेही भाडं थकलं. फेब्रुवारी २०२२ च्या अखेरीस ताबा घ्यायला सुरुवात झाली. फ्यूचर रिटेलची ८३५ आणि समूहाच्या कपड्यांच्या कंपनीची ११२ दुकानं भाडेकरार संपल्याच्या नोटिशीत निघाली. मार्चमध्ये अमेझॉननं वर्तमानपत्रात जाहिरात देऊन फसवणुकीचा आरोप केला, पण अनेक ठिकाणी पुढं रिलायन्सच्या स्मार्ट बझारची पाटी लागली. एप्रिलमध्ये विक्रीचा प्रस्ताव मतदानाला आला, तेव्हा तारणधारी सावकारांतल्या ६९ टक्क्यांनी तो नाकारला. रिलायन्सनं सौदा सोडून दिला. हवी ती दुकानं एव्हाना हातात होती.

जुलै २०२२ मध्ये फ्यूचर रिटेलवर दिवाळखोरीची प्रक्रिया सुरू झाली, जुलै २०२४ मध्ये कंपनी अवसायनात काढायचा आदेश झाला. आता दिवाळखोरी कायद्याचं कलम ५३ लागू. आधी प्रक्रियेचा खर्च, मग कामगार आणि तारणधारी सावकार, मग इतर कर्मचारी, बिनतारणी सावकार, सरकार, त्याखाली माल देणाऱ्यांसारखे उरलेले धनको आणि सगळ्यात शेवटी साधे भागधारक. कालव्याच्या टेलवरच्या बांधीत पाण्याची पाळी येईस्तोवर परे करपतात, तशी या शेवटच्यांची गत. टेलचा शेतकरी निदान पाटबंधारे कार्यालयावर मोर्चा तरी नेतो. भागधारकानं जुन्या बिग बझारवर मोर्चा नेला, तर स्मार्ट बझारचा पोरगा हसून ट्रॉली पुढं करील आणि विचारील, ‘पिशवी आणलीय, की देऊ?’