बांधावरची आवक-जावक

काय हो वहिनी, शिवला का कावळा? नाही? मग काय, ताट घेऊन बसा उन्हात. पितृपंधरवडा आला की सगळं गाव कावळ्याकडे डोळे लावतं, आणि इकडे धोबी येऊन उतरलाय ते कुणाच्या गावीही नाही. तो बघा, तुमच्या पाटाच्या कडेला. पाठ करडी, पोट पिवळं, शेपटी एक क्षण थांबेल तर शपथ. हिमालयाकडून आलाय हो एवढासा जीव!

भोरड्यांनी तर त्याच्याही आधी, श्रावणातच हजेरी लावली. तुमच्या बाजरीवर उतरल्या त्या साळुंक्या नव्हेत, भोरड्या. पूर्व युरोपापासून मध्य आशियापर्यंत त्यांचं माहेर. तिकडे मे-जूनला टोळ माजतात, तेवढ्यात पिल्लं उरकायची की लगेच इकडची वाट धरायची. गुलाबी दिसत नाहीत म्हणता? थव्यात यंदाची पोरं असतात ना, ती अशीच मातकट, चोच पिवळसर. भाऊजींनी गोफण काढली म्हणे. काढू देत. कणसं खातात हे खरंच आहे, मी कशाला नाकारू? पण नाकतोडे, अळ्याही खातात, ते मात्र कुणी हिशेबात धरत नाही.

आणि ती चातकाची जोडी? गेली की! पावसाबरोबर आफ्रिकेतून यायचं, सातभाईंच्या घरट्यात अंडी टाकायची आणि पाऊस ओसरला की चालू पडायचं. राबराब राबले ते सातभाई. बरं, पोरं निघतात मागाहून, वाट दाखवायला आईबाप नाहीत, तरी आफ्रिका गाठतात. आमच्या धाकट्याला बार्शीहून सोलापूरला जायचं तर वाटेत दहा फोन!

पण खरी बातमी ऐका. भोवत्या आला. ज्वारी पेरायच्या रानात काल संध्याकाळी दिसला. घारीसारखा उंच गेला नाही, बांधाला धरून गुडघाभर उंचीवरून चालला होता. पंख वर धरलेले, नजर गवतात. मादी होती, तपकिरी. वळली तेव्हा शेपटीच्या मुळाशी पांढरा पट्टा लख्ख दिसला. मध्येच जागच्या जागी पलटी मारली आणि गवतात पडली. उठली तेव्हा पंजात नाकतोडा. आणि ही बया कुठली, तर कझाकस्तानच्या माळांकडची. थंडीला भिऊन येतात म्हणतात, पण मुळात प्रश्न पोटाचा. तिकडे गारठ्यात किडा मिळेनासा होतो, आणि आपल्याकडे पाऊस संपताना पावलापावलाला नाकतोडा उडतो.

हो, भिगवणला जा ना रोहित बघायला, मी कुठं नको म्हणते? गाडी करा, डबा घ्या. पण ते थंडीत, आणि तोवर इथं फुकटात एवढं चाललंय तेही बघा की सकाळी चहा पिता पिता.

एक मात्र सांगायचं होतं, म्हणूनच हाक मारली. भाऊजी परवा पंप धुऊन ठेवत होते. बांधावर तणनाशक मारायचं चाललंय का? पिकातलं तण काढा, खुशाल काढा. पण माळाकडचा तो बांध तेवढा सोडा, आणि माळ पेटवायला कुणी आलं तर हटका. भोवत्या झाडावर झोपत नाही वहिनी, रात्री भुईवर गवतातच बसतो. मार्चपर्यंत राहील तो इथं. भाऊजींना आजच सांगा.