भावावर जमावबंदी

पाचोऱ्याच्या बाजार समितीत हरभऱ्याची ट्रॉली उभी करून शेतकरी अडत्याला विचारतो, "भाऊ, आखाजीनंतर भाव कुठे जाईन?" हा प्रश्न किती देशविघातक आहे, हे त्या बिचाऱ्याला ठाऊक नसते. सरकारला असते. म्हणूनच 20 डिसेंबर 2021 रोजी बाजार नियामक सेबीने हरभरा, गहू, बिगर-बासमती भात, मूग, मोहरी, सोयाबीन आणि कच्चे पामतेल यांचे वायदे, म्हणजे पुढच्या तारखेच्या मालाचे आजच भाव ठरवून होणारे सौदे, वर्षभरासाठी बंद केले. हरभऱ्याचे नवे सौदे तर ऑगस्टमध्येच थांबवले होते.

उद्याचा भाव कुणी बोललाच नाही, तर तो वाढेल कसा? पण लगेच युक्रेनचे युद्ध पेटले, एप्रिल 2022 मध्ये इंडोनेशियाने पामतेलाची निर्यात रोखली आणि फोडणी महागली. सेबीचा आदेश जकार्त्याला वेळेत पोहोचला नसावा. तिकडे क्वालालंपूरचे पामतेलाचे आणि शिकागोचे सोयाबीनचे वायदे चालूच. आपल्या शेंगेचा उद्याचा भाव ठरवण्याची जोखीम आपण मोठ्या मनाने परदेशावर सोपवली. आत्मनिर्भरता म्हणतात ती हीच.

आधी शिक्षा, मग चौकशी, ही पद्धत जुनीच. 2007 साली तूर, उडीद, गहू, तांदूळ यांचे वायदे बंद केले आणि मग अभिजित सेन समितीला विचारले, वायद्यांमुळे भाव वाढतात का? समितीला ठाम पुरावा मिळाला नाही. गहू 2009 मध्ये सुटला. तूर आणि उडीद अजून आतच आहेत.

पाचोऱ्याचा शेतकरी वायदेबाजारात फारसा उतरत नव्हता, हे मान्य. पण पुढच्या महिन्याचा भाव बघून माल काढायचा की ठेवायचा, एवढे तरी ठरायचे. बंदीनंतर अडत्या सांगेल तो भाव. शिवाय पेरणीला उचल देणारा व्यापारी आहेच. माल कुणाच्या काट्यावर जाणार, हे पेरतानाच ठरते. या वायद्याला ना मार्जिन, ना सेबी, आणि तो आजवर कुणी बंदही केलेला नाही.

बंदीची मुदत मात्र वाढतच गेली: डिसेंबर 2022 मध्ये, मग 2023 मध्ये. डिसेंबर 2024 मध्ये जानेवारीअखेरपर्यंत, मग 31 मार्च 2025 पर्यंत, मग थेट 31 मार्च 2026 पर्यंत. शेतमालाच्या बाजारात पुढचे छातीठोक सांगता येईल अशी मुदतवाढ ही एकच जिन्नस उरली होती. सेबीने तिच्यात वायदे सुरू केले असते, तर मंदीवाला औषधालाही सापडला नसता.