जस्ताचा स्वभाव

काही वस्तू घरात इतकी वर्षं राहतात की त्या कशाच्या बनल्या आहेत हे विचारायचं कुणाला सुचतच नाही. कॅलामाइन लोशनची गुलाबी बाटली त्यातलीच. घामोळं आलं, लावा. कांजिण्या खाजताहेत, लावा. डास चावला, लावा. अंगभर गुलाबी ठिपके काढून घेतलेलं पोर दारात उभं राहिलं की शेजाऱ्यांना कांजिण्यांपेक्षा त्या लोशनचीच जास्त धास्ती वाटे. या बाटलीतला मुख्य ऐवज म्हणजे झिंक ऑक्साइड, जस्त आणि ऑक्सिजन यांची पांढरीशुभ्र पूड. गुलाबीपणा तिचा नव्हे, तो चिमूटभर लोहाच्या ऑक्साइडचा. तान्ह्या बाळाच्या लंगोटाखालच्या चट्ट्यांवर लावायच्या मलमात हीच पूड असते. ॲलन डोनाल्ड नावाचा गोलंदाज नाकागालांवर पांढरे पट्टे ओढून धावत यायचा, तेव्हा फलंदाजाला घाबरवण्यातही हिचा थोडा वाटा होताच.

ही पूड अलीकडे फार मोठी झाली आहे, म्हणजे फार लहान झाली आहे. 100 नॅनोमीटरच्या आतले कण ते नॅनोकण, आणि एक नॅनोमीटर म्हणजे मीटरचा अब्जावा भाग. इतके बारीक कण डोळ्याला दिसणारा प्रकाश फारसा विखुरत नाहीत, म्हणून पांढरेपणा जवळजवळ नाहीसा होतो. अतिनील किरण मात्र ते शोषून घेतात. पूर्वी सनस्क्रीन लावलेला माणूस लांबून ओळखू यायचा, आता त्याला स्वतःलाही आठवावं लागतं की आपण लावलं होतं का.

बारीक होण्याचा खरा फायदा पृष्ठभागात आहे. एक सेंटिमीटर बाजूचा ठोकळा घेतला तर त्याचा एकूण पृष्ठभाग 6 चौरस सेंटिमीटर. त्याच ठोकळ्याचे 10 नॅनोमीटर बाजूचे तुकडे केले, तर सगळ्यांचा मिळून पृष्ठभाग होतो 600 चौरस मीटर, म्हणजे जवळजवळ साडेसहा हजार चौरस फूट. पुण्या-मुंबईत आयुष्यभर हप्ते भरूनही एवढी जागा मिळत नाही. इथे ती पाच-सहा ग्रॅम पुडीत मावते. रसायनशास्त्रातली बरीचशी देवाणघेवाण पृष्ठभागावरच चालते, त्यामुळे जागा वाढली की उलाढालही वाढते.

माझी भाची रसायनशास्त्रात एम.एस्सी. करते. तिच्याकडून कळलं की हे कण बनवायला आता झाडपाला वापरतात. पानं उकळून अर्क काढायचा, त्यात झिंक नायट्रेट किंवा ॲसिटेट घालायचं, तापवत ढवळायचं, खाली बसलेला साका गाळून, धुऊन, वाळवून भट्टीत भाजायचा. कडुनिंब, तुळस, कोरफड, शेवगा... अंगणातलं एकही झाड आता शोधनिबंधापासून सुरक्षित नाही. परवा फोनवर म्हणाली, "मामा, डाळिंबाची सालं टाकून देऊ नकोस हं." मी त्या दिवसापासून कचऱ्याकडे आदराने बघतो.

कण तयार झाले की परीक्षा. पहिली अँटिऑक्सिडंट असण्याची. डीपीपीएच नावाचं जांभळं द्रावण असतं. त्यातल्या रेणूला एक इलेक्ट्रॉन कमी पडलेला असतो आणि तो मिळाला की जांभळा रंग उतरून पिवळा होतो. जितका रंग उतरला तितके गुण, आणि शेजारच्या नळीत तुलनेला क जीवनसत्त्व. या परीक्षेत आपला साधा चहाही चांगल्या गुणांनी पास होतो, हे मी घरी दोनदा ऐकवलं आहे. दुसरी परीक्षा दाह कमी करण्याची. अंड्यातलं प्रथिन पाण्यात घेऊन तापवतात. ते गढूळ होऊ लागतं, आणि जो पदार्थ ते गढूळ होऊ देत नाही तो दाहशामक ठरण्याची शक्यता मानतात.

"म्हणजे अंडं उकडू न देणं?" मी विचारलं.

"मामा, अंडं नाही, एग अल्ब्युमिन."

तिसरी परीक्षा उंदराची. त्याच्या मागच्या पंजात समुद्री शेवाळातून काढलेलं कॅरॅजिनन टोचतात, पंजा सुजतो, आणि दर तासाला सूज मोजतात. एका गटाला नॅनोकण, दुसऱ्याला डायक्लोफेनॅक हे नेहमीचं दाहशामक औषध, तिसऱ्याला काहीच नाही. कितीतरी प्रयोगांत नॅनोकणांच्या गटाची सूज उतरलेली दिसते. हे ऐकल्यावर माझा हात नकळत गुडघ्याकडे गेला. भाचीने तो बघितला आणि विचारलं, "मामा, तू उंदीर आहेस का?"

मी विषय बदलला. "पण यश कुणाचं? पानाचं की जस्ताचं?" प्रश्न बरा होता. पानांतली पॉलिफेनॉलं कणांच्या अंगाला चिकटून राहतात आणि ती स्वतःच पक्की अँटिऑक्सिडंट असतात. भट्टी चांगली तापली तर त्यातली बहुतेक जळून जातात, मग श्रेय कणांकडे सरकतं. "पेपरात दोघांचंही लिहितात," भाची म्हणाली.

मला जस्ताचं कौतुक वाटतं ते वेगळ्याच कारणाने. लोह आणि तांबं इलेक्ट्रॉन सहज घेतात-देतात. शरीरात जस्त मात्र आपली दोन इलेक्ट्रॉन गमावलेली अवस्था सोडत नाही, या व्यवहारात पडतच नाही. 1969 साली अमेरिकेतल्या ड्यूक विद्यापीठात जो मॅकॉर्ड आणि अर्विन फ्रिडोविच यांनी सुपरऑक्साइड डिसम्युटेझ या विकराचं काम ओळखलं. आपल्या पेशींत ऑक्सिजनचे उपद्रवी रेणू आवरणारं ते विकर. त्याच्या एका प्रकारात तांबं आणि जस्त शेजारी-शेजारी बसतात. इलेक्ट्रॉनांची धावपळ तांबं करतं, जस्त सगळा आकार सावरून धरतं. नाव अँटिऑक्सिडंटांच्या यादीत, पण काम न हलता बसण्याचं. निवृत्तीनंतर मला हे फार आशादायक वाटतं.

मात्र जस्त शांत म्हणून त्याचं ऑक्साइडही शांत, असं धरून चालू नये. त्याच नॅनोकणांवर अतिनील प्रकाश पडला की ते स्वतःच ऑक्सिजनचे उपद्रवी रेणू तयार करतात. जिवाणू मारण्याची त्यांची ताकद काही अंशी यातूनच येते, आणि मात्रा वाढली तर आपल्या पेशीही त्यातून सुटत नाहीत. जस्ताचा मुलामा दिलेल्या पत्र्यांना वेल्डिंग करताना झिंक ऑक्साइडचा धूर उठतो. तो छातीत गेला की काही तासांनी थंडी वाजून ताप भरतो, फुप्फुसांत चक्क दाह होतो. म्हणूनच युरोपीय संघाने 2016 साली सनस्क्रीनमध्ये नॅनो झिंक ऑक्साइड 25 टक्क्यांपर्यंत चालेल असं सांगताना, श्वासावाटे फुप्फुसात जाईल अशा प्रकारात ते नको, ही अट घातली. कातडीवर गुणी, छातीत अवगुणी. लग्नघरात एखाद्या आत्याबाई असतात, मानपानाचं भांडण त्याच पेटवतात आणि रात्री पंगतीत त्याच मिटवतात. त्यांना कुठे बसवायचं हे यजमानाला कळलं की कार्य पार पडतं.

उदयपूरजवळच्या जावरला शतकानुशतकं जस्त गाळणाऱ्या कारागिरांना हा स्वभाव पक्का ठाऊक होता. जस्त 907 अंशांना उकळतं, त्यामुळे भट्टीत ते वाफ होऊन निघतं. त्या वाफेला हवा लागली की हाती धातूऐवजी पांढरी पूड येते. म्हणून त्यांनी वांग्याच्या आकाराची मातीची पात्रं उलटी मांडली आणि वाफ खाली उतरवून थंड केली. युरोपात विल्यम चँपियनने ब्रिस्टलला जस्ताचं पेटंट घेतलं ते 1738 साली. जी पूड टाळण्यासाठी जावरच्या माणसाने एवढा खटाटोप केला, तीच आज आपण ट्यूबमध्ये भरून विकत घेतो.

या सगळ्यात जस्ताची सर्वात मोठी कामगिरी नॅनो नाहीच. मुलांना जुलाब झाले की ओआरएससोबत 10 ते 14 दिवस रोज 20 मिलिग्रॅम जस्त द्यावं, अगदी तान्ह्यांना त्याच्या निम्मं, असं जागतिक आरोग्य संघटना आणि युनिसेफ यांनी 2004 साली सांगितलं. त्याने जुलाब लवकर थांबतात. त्या गोळीच्या वेष्टनावर कुठलंही भविष्य छापलेलं नसतं, फक्त मात्रा छापलेली असते. बहुतेक मोठ्या शोधांचं शेवटी असंच व्हावं लागतं. आधी गाजावाजा, मग वर्षानुवर्षांच्या चाचण्या, आणि अखेर दोन ओळींची सूचना, किती आणि किती दिवस.

नॅनोकणांचंही कदाचित तसं होईल. उंदराच्या पंजापासून माणसाच्या सांध्यापर्यंतचा रस्ता लांब आहे, आणि त्यावर जागोजागी विषारीपणाच्या चाचण्यांचे टोलनाके आहेत. ते पार होईपर्यंत माझ्या गुडघ्याने उंदराचा हेवा करू नये, एवढं मी त्याला समजावून ठेवलं आहे. तो ऐकतो असं नाही, पण जिना चढताना निदान तक्रार हळू आवाजात करतो.