दोन माणसांचा तंबू

नाशिककर ट्रेकरला हलका तंबू घ्यायची हुक्की आली की स्वयंपाकघरातला वजनकाटा बाहेर येतो. खुंट्यासुद्धा ग्रॅमवर मोजल्या जातात. चारशे ग्रॅम वाचवण्यासाठी खिसा भलताच हलका होतो. मग त्याच सॅकमध्ये दोन किलो चिवडा आणि कांदे जातात, ते अर्थात वजनात धरायचे नसतात. ‘टू-पर्सन’ म्हणजे रुंदी जेमतेम सव्वाचार फूट. माणसं कुशीवर, सॅक बाहेर दवात. १५६७ मीटर उंचीच्या साल्हेरवर पोचल्यावर कळतं, सह्याद्रीचा कातळ अ‍ॅल्युमिनियमच्या खुंट्यांना भीक घालत नाही. शेवटी दोऱ्या धोंड्यांना बांधायच्या. तोवर गावातली पोरं गडावरच्या गुहेत घोंगडी अंथरून घोरायलाही लागलेली असतात.